पदवीपूर्व संशोधन अनुभव कार्यक्रम

पदवीपूर्व संशोधन अनुभव कार्यक्रम हा अमेरिकेच्या संघराज्य शासनाच्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या संस्थेचा अनुदान कार्यक्रम आहे. 'रिसर्च एक्सपीरियन्सेस फॉर अंडरग्रॅज्युएट्स' हे त्याचे मूळ नाव असून तो आरईयू या आद्याक्षरांनी अधिक परिचित आहे. विज्ञान, गणित व अभियांत्रिकी या शाखांत पहिल्या पदवीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना अनुभवी संशोधकांच्या मार्गदर्शनाखाली काही आठवडे प्रत्यक्ष संशोधन करता यावे आणि त्या काळात त्यांना विद्यावेतन मिळावे, अशी या कार्यक्रमाची रचना आहे. तो १९८७ मध्ये सुरू झाला. अमेरिकेत पदवीच्या टप्प्यावर संशोधनाची संधी देणारे अनेक उपक्रम विद्यापीठे व खासगी प्रतिष्ठाने चालवतात. त्यांपैकी हा सर्वांत परिचित असून गणिताच्या क्षेत्रात 'आरईयू' हे नाव अशा कोणत्याही उन्हाळी उपक्रमासाठी सामान्यनाम म्हणूनही वापरले जाते.

या कार्यक्रमात विद्यावेतन हा गौण तपशील नाही. अमेरिकेतील बहुसंख्य पदवी विद्यार्थी उन्हाळ्याच्या दीर्घ सुटीत नोकरी करतात आणि त्या मिळकतीवर पुढील वर्षाच्या शुल्काचा वा राहण्याजेवणाचा काही भार उचलतात. संशोधन विनावेतन असेल, तर घरची स्थिती बरी असलेल्यांनाच ते परवडते. वेतन मिळाल्यास दुकानातील वा उपाहारगृहातील उन्हाळी कामाला प्रयोगशाळा हा पर्याय उभा राहतो. कोणाला वैज्ञानिक होता येईल, या प्रश्नाचा संबंध अशा रीतीने सुटीतील दोन-अडीच महिन्यांच्या मिळकतीशी येतो. कार्यक्रमाची वाटचाल, नियम आणि त्यावरील टीका यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

नॅशनल सायन्स फाउंडेशनची स्थापना १९५० मध्ये झाली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा कृत्रिम उपग्रह सोडल्यानंतर अमेरिकेत विज्ञानशिक्षणाविषयी तीव्र चिंता व्यक्त होऊ लागली आणि या क्षेत्रातील सरकारी खर्च झपाट्याने वाढला. त्याच सुमारास, १९५८ मध्ये, फाउंडेशनने 'अंडरग्रॅज्युएट रिसर्च पार्टिसिपेशन' ही योजना सुरू केली. पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनात सामावून घेणाऱ्या प्राध्यापकांना तिच्यातून अनुदान मिळत असे. १९८० च्या दशकाच्या आरंभी फाउंडेशनच्या शिक्षणविषयक तरतुदीत मोठी कपात झाली आणि ही योजना बंद पडली.

दरम्यान विद्यापीठांनी स्वतःचे मार्ग शोधण्यास प्रारंभ केला होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे मार्गारेट मॅकव्हिकार यांनी १९६९ मध्ये 'यूरॉप' हा उपक्रम उभारला. त्यामागे पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड यांची कल्पना व आर्थिक साहाय्य होते. विद्यार्थ्याने प्राध्यापकाचा कनिष्ठ सहकारी म्हणून काम करावे आणि त्याबद्दल त्याला वेतन वा अभ्यासक्रमातील श्रेयांक मिळावेत, ही त्यातील मूळ कल्पना. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९७९ मध्ये 'सर्फ' ही उन्हाळी शिष्यवृत्ती सुरू केली. केवळ पदवीचे शिक्षण देणाऱ्या लहान महाविद्यालयांतील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९७८ मध्ये 'कौन्सिल ऑन अंडरग्रॅज्युएट रिसर्च' ही संस्था स्थापन केली. पुढे तिचा विस्तार इतर विद्याशाखांत झाला.

मार्च १९८६ मध्ये नॅशनल सायन्स बोर्डाच्या समितीने पदवीस्तरीय विज्ञान, गणित व अभियांत्रिकी शिक्षणाविषयीचा अहवाल सादर केला. भौतिकशास्त्रज्ञ होमर नील हे समितीचे अध्यक्ष असल्याने तो 'नील अहवाल' या नावाने ओळखला जातो. पदवीशिक्षणाकडे झालेले दुर्लक्ष दूर करून त्यात फाउंडेशनने पुन्हा लक्ष घालावे, असा त्याचा रोख होता. त्यापुढील वर्षी आरईयू कार्यक्रम अस्तित्वात आला.

स्वरूप

कार्यक्रमात दोन प्रकारची अनुदाने दिली जातात. पहिल्या प्रकारात एखादे विद्यापीठ, महाविद्यालय वा संशोधनसंस्था 'केंद्र' म्हणून मान्यता मिळवते आणि दर उन्हाळ्यात सुमारे दहा विद्यार्थ्यांच्या गटाला बोलावते. प्रत्येक विद्यार्थ्याला ठरावीक संशोधनप्रकल्प व मार्गदर्शक नेमून दिला जातो. हे अनुदान साधारणपणे तीन वर्षांसाठी असते. दुसऱ्या प्रकारात, फाउंडेशनच्या अनुदानावर आधीच चालू असलेल्या संशोधनप्रकल्पात एका-दोघा विद्यार्थ्यांना सामावून घेण्यासाठी प्राध्यापकाला पूरक रक्कम मिळते. काही केंद्रांचा खर्च संरक्षण विभाग फाउंडेशनसह उचलतो. गणितातील काही उपक्रमांना नॅशनल सिक्युरिटी एजन्सी या गुप्तवार्ता संस्थेनेही अनुदान दिले आहे. सांकेतिक लिपीच्या कामासाठी या संस्थेला गणितज्ञांची मोठी गरज असते.

कालावधी बहुधा आठ ते दहा आठवड्यांचा असतो. विद्यावेतनाची पातळी फाउंडेशनच्या नियमावलीत सुचवलेली असते. २०१० च्या दशकात ती आठवड्याला ५०० ते ६०० डॉलर या प्रमाणात होती. याखेरीज अनेक केंद्रे निवास, भोजन व प्रवास यांचा खर्च देतात.

विद्यार्थी थेट फाउंडेशनकडे अर्ज करत नाहीत. प्रत्येक केंद्र स्वतंत्रपणे निवड करते. अर्जासोबत गुणपत्रक, संशोधनाची आवड व पूर्वतयारी सांगणारे निवेदन आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रे जोडावी लागतात. उन्हाळ्यातील कार्यक्रमासाठी ही प्रक्रिया हिवाळ्यातच सुरू होते. विद्यावेतन घेणारा विद्यार्थी अमेरिकेचा नागरिक, राष्ट्रीयत्वधारक वा कायम रहिवासी असणे आवश्यक आहे.

निवडीबाबत फाउंडेशनची भूमिका स्पष्ट आहे. यजमान संस्थेने केवळ स्वतःचेच विद्यार्थी घेऊ नयेत, लक्षणीय संख्येने बाहेरचे विद्यार्थी घ्यावेत; आणि जिथे संशोधनाच्या सोयी मर्यादित आहेत अशा संस्थांना, त्यांत दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांनाही, किमान निम्म्या जागा मिळाव्यात, अशी तिची अपेक्षा असते. मोठ्या विद्यापीठातील विद्यार्थ्याला प्रयोगशाळा शेजारच्या इमारतीत सापडते. लहान गावातील महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला तिच्यापर्यंत नेण्यासाठी असा नियम लागतो.

गणितातील आरईयू

प्रयोगशास्त्रांत नवख्या विद्यार्थ्याला देण्याजोगे काम सहज निघते. नमुने तयार करणे, मोजमापे घेणे, आधारसामग्रीचे विश्लेषण करणे ही कामे मोठ्या प्रकल्पाचे खरेखुरे भाग असतात. गणितात तशी विभागणी कठीण असते. आधुनिक गणितातील अनेक प्रश्नांचे नुसते विधान समजण्यासाठी पदव्युत्तर अभ्यासाची काही वर्षे लागतात. त्यामुळे पदवीचा विद्यार्थी गणितात नवे काही सिद्ध करू शकेल का, याविषयी गणितज्ञांमध्ये दीर्घकाळ शंका होती.

या शंकेला कृतीने उत्तर देणाऱ्यांत जोसेफ गॅलियन यांचे नाव अग्रभागी आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या डुलुथ येथील शाखेत त्यांनी १९७७ मध्ये, म्हणजे आरईयूच्या दहा वर्षे आधी, उन्हाळी संशोधन उपक्रम सुरू केला. त्यांचे अमूर्त बीजगणितावरील पाठ्यपुस्तक भारतातील गणिताच्या विद्यार्थ्यांनाही परिचित आहे. डुलुथच्या पद्धतीत प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र प्रश्न मिळतो. प्रश्न निवडताना तो अनुत्तरित असावा, त्याची पार्श्वभूमी थोड्या दिवसांत आत्मसात करता यावी आणि लहान उदाहरणे हाताने वा संगणकाने तपासून त्यांत संगती शोधता यावी, याची काळजी घेतली जाते. आलेख सिद्धांत, मांडणी व मोजणीचे गणित, संख्या सिद्धांत आणि गाठींचा सिद्धांत या शाखांत असे प्रश्न अधिक मिळतात. म्हणूनच गणितातील केंद्रांत या विषयांचे प्राबल्य दिसते. डुलुथ येथील कामातून २०० हून अधिक शोधनिबंध नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आहेत.

डुलुथच्या विद्यार्थ्यांपैकी मंजुल भार्गव हे भारतीय वाचकांना विशेष परिचित आहेत. हार्वर्ड विद्यापीठात शिकत असताना त्यांनी तेथे क्रमगुणिताच्या संकल्पनेचा विस्तार केला. कोणत्याही पाच सलग पूर्णांकांचा गुणाकार ५! म्हणजे १२० या संख्येने निःशेष भागला जातो, हे क्रमगुणिताचे सुपरिचित वैशिष्ट्य आहे. सर्व पूर्णांकांऐवजी त्यांचा एखादा उपसंच, उदाहरणार्थ केवळ मूळ संख्या, घेतला तर क्रमगुणिताची जागा कोणती संख्या घेईल, या प्रश्नाचे त्यांनी सर्वसामान्य उत्तर दिले. हे काम १९९७ मध्ये एका प्रतिष्ठित जर्मन गणितीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भार्गव यांना २०१४ मध्ये फील्ड्स पदक मिळाले.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्यम्स महाविद्यालयाचा 'स्मॉल' हा उपक्रम १९८८ पासून चालू आहे. हे नाव संस्थापक प्राध्यापकांच्या आडनावांच्या आद्याक्षरांपासून बनले आहे. येथे विद्यार्थी एकेकटे नव्हे, तर लहान गटांत काम करतात. त्यांचे सर्वांत गाजलेले काम साबणाच्या जोडबुडबुड्यांविषयी आहे. ठरावीक क्षेत्रफळ कमीत कमी परिमितीत बंदिस्त करणारी आकृती वर्तुळ होय, हे प्राचीन काळापासून ठाऊक आहे. दोन ठरावीक क्षेत्रफळे शेजारी शेजारी बंदिस्त करावयाची असतील, तर कोणती आकृती सर्वांत काटकसरीची? एकमेकांना १२० अंशांच्या कोनात भेटणाऱ्या तीन वर्तुळकंसांची आकृती हे त्याचे उत्तर आहे, अशी अटकळ होती. फ्रँक मॉर्गन यांच्या मार्गदर्शनाखाली जोएल फॉइसी व त्यांच्या सहाध्यायांनी ती प्रतलासाठी सिद्ध केली. त्यांचा निबंध १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्रिमितीतील सिद्धता मॉर्गन व इतर तीन गणितज्ञांनी २००० मध्ये जाहीर केली. चार मितींतील सिद्धता पुन्हा विद्यार्थ्यांच्याच गटाने दिली आणि ती २००३ मध्ये छापून आली.

पदवीच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या गणितीय संशोधनासाठी १९९५ पासून मॉर्गन पारितोषिक दिले जाते. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी, मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिका आणि सोसायटी फॉर इंडस्ट्रियल अँड अप्लाइड मॅथेमॅटिक्स या तीन संस्था ते संयुक्तपणे देतात. पहिले पारितोषिक मद्रास येथे वाढलेल्या व त्या वेळी मिशिगन विद्यापीठात शिकत असलेल्या कण्णन सौंदरराजन यांना, तर पुढील वर्षीचे मंजुल भार्गव यांना मिळाले. अशा निबंधांना स्थान देणारी नियतकालिकेही निघाली आहेत. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'इन्व्हॉल्व्ह' या नियतकालिकात किमान एक-तृतीयांश लेखक विद्यार्थी असावेत, असा दंडक आहे.

परिणाम

कार्यक्रमाच्या मूल्यमापनांपैकी एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेचा अभ्यास वारंवार उद्धृत केला जातो. त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. संशोधनाच्या अनुभवामुळे विज्ञान व तंत्रज्ञानातील व्यवसायाविषयीची आपली ओढ वाढली, असे ६८ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. पूर्वी तसा विचार नसलेल्या २९ टक्के विद्यार्थ्यांच्या मनात पीएच.डी. करण्याची अपेक्षा निर्माण झाल्याचेही आढळले.

हे आकडे सावधपणे वाचावे लागतात. अर्ज करणारे व निवडले जाणारे विद्यार्थी मुळातच संशोधनाकडे झुकलेले असतात. त्यामुळे पुढील यशाचे श्रेय कार्यक्रमाला किती आणि निवडीला किती, हे वेगळे करणे अवघड असते. शिवाय बहुतेक अभ्यास विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या निवेदनांवर आधारलेले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा अनुभवांचे लाभ मान्य करतानाच अधिक काटेकोर अभ्यासाची गरज नोंदवली आहे.

नकारात्मक अनुभवालाही मूल्य असते. दहा आठवड्यांच्या कामानंतर संशोधन आपल्या स्वभावाला मानवणारे नाही, हे एखाद्या विद्यार्थ्याला उमगले, तर पाच-सहा वर्षांच्या पीएच.डी.त शिरण्यापूर्वीच तो वेगळी वाट निवडू शकतो. पाठ्यपुस्तकातील उदाहरणाचे उत्तर कोणाला तरी माहीत असते. संशोधनातील प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकालाही माहीत नसते. अनेक आठवडे काहीच हाती न लागणे हे अपयश नसून या कामाचे नेहमीचे स्वरूप आहे, हे वर्गात शिकवून समजत नाही.

टीका व मर्यादा

उपलब्ध जागांच्या तुलनेत अर्जांची संख्या फार मोठी असते. निवडीत गुणपत्रक व शिफारसपत्र यांना महत्त्व असल्याने ज्यांना प्राध्यापकांचा निकट सहवास लाभला आहे, त्यांचे पारडे जड होते. जिथे एका वर्गात शेकडो विद्यार्थी असतात किंवा प्राध्यापक तासिका तत्त्वावर काम करतात, तेथील विद्यार्थ्याला भक्कम शिफारसपत्र मिळवणे कठीण जाते. विद्यावेतन मिळत असले, तरी लहान भावंडांची वा आजारी पालकांची जबाबदारी असलेला विद्यार्थी दहा आठवडे घर सोडू शकत नाही. एका उन्हाळ्यातील गैरहजेरीमुळे कायमची नोकरी गमावण्याची भीतीही काहींना असते.

पदव्युत्तर प्रवेशात अशा अनुभवाला महत्त्व येऊ लागल्याने आणखी एक पेच निर्माण झाला आहे. संधी वाढवण्यासाठी आखलेली योजनाच ज्यांना ती मिळाली नाही त्यांच्यापुढील नवा अडसर ठरते. गणितात हा प्रश्न अधिक जाणवतो, कारण थोड्या आठवड्यांत निबंध हाती यावा या दडपणाखाली मामुली महत्त्वाचे प्रश्न निवडले जातात, असा आक्षेप काही गणितज्ञ घेतात. त्याच काळात मूलभूत विषयांचे सखोल वाचन अधिक फलदायी ठरले असते, असे त्यांचे मत आहे.

यावर उपाय म्हणून संशोधन अभ्यासक्रमातच आणण्याचे प्रयत्न झाले. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाने २००५ मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी असा उपक्रम सुरू केला. हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटच्या साहाय्याने २००८ पासून चालणाऱ्या 'सी-फेजेस' या अभ्यासक्रमात विद्यार्थी मातीच्या नमुन्यातून जिवाणुभक्षी विषाणू वेगळा करतात, त्याला नाव देतात आणि त्याच्या जनुकांचा अभ्यास करतात. अशा अभ्यासक्रमात निवड नसते आणि सुटीतील मिळकतही बुडत नाही. मात्र एका मार्गदर्शकाचे एका विद्यार्थ्याकडे लक्ष राहत नाही.

भारतातील समांतर योजना

राष्ट्रीयत्वाच्या अटीमुळे भारतात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आरईयूचे विद्यावेतन मिळत नाही. भारतात याच उद्दिष्टाच्या वेगळ्या योजना आहेत. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९९९ मध्ये 'किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना' सुरू केली. अभिक्षमता चाचणी व मुलाखतीतून निवडलेल्या विद्यार्थ्यांना मूलभूत विज्ञानाच्या पदवीशिक्षणात दरमहा विद्यावेतन मिळत असे. २०२२ मध्ये ही योजना 'इन्स्पायर' या योजनेत विलीन करण्यात आली. डिसेंबर २००८ मध्ये सुरू झालेल्या इन्स्पायरच्या उच्च शिक्षण शिष्यवृत्तीची रक्कम वर्षाला ८०,००० रुपये आहे. त्यांपैकी ६०,००० रुपये विद्यार्थ्याला रोख मिळतात, तर २०,००० रुपये उन्हाळी संशोधनप्रकल्पाच्या मार्गदर्शनासाठी राखून ठेवलेले असतात. येथील शिष्यवृत्ती प्रामुख्याने शिक्षणकाळासाठी असून संशोधन हा तिचा एक भाग आहे. आरईयूत संपूर्ण रक्कम संशोधनाच्या आठवड्यांशी बांधलेली असते.

आरईयूशी अधिक साम्य असलेली योजना विज्ञान अकादमींची आहे. बंगळुरू येथील भारतीय विज्ञान अकादमी, नवी दिल्ली येथील भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराज येथील राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिन्ही मिळून उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती देतात. निवड झालेल्यांना देशातील एखाद्या संशोधकाबरोबर दोन महिने काम करता येते. महाविद्यालयीन शिक्षकांनाही तिचा लाभ घेता येतो, हे या योजनेचे वैशिष्ट्य आहे.

महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा अभ्यागत विद्यार्थी संशोधन कार्यक्रम आणि पुण्याच्या 'आयुका' या खगोलविज्ञान केंद्राचा सुटीतील विद्यार्थी कार्यक्रम हे परिचित आहेत. मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये 'नियस' हा पदवीस्तरीय विज्ञानाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. त्यात विद्यार्थी शिबिरांतून प्रकल्पांपर्यंत पोहोचतात. गणितासाठी १९९३ मध्ये तत्कालीन मुंबई विद्यापीठातील प्राध्यापक एस. कुमारेसन यांच्या पुढाकाराने 'एमटीटीएस' हे उन्हाळी प्रशिक्षण सुरू झाले. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या अनुदानामुळे ते विद्यार्थ्यांना निःशुल्क मिळत आले आहे. नवा निबंध लिहून घेणे हा त्याचा हेतू नाही. प्रश्न विचारत, उदाहरणे रचत विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे विचार करण्यास लावणे हा आहे. गणितातील आरईयूवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपाला हे एका अर्थी पर्यायी उत्तर ठरते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीचे चौथे वर्ष संशोधनासह पूर्ण करण्याची तरतूद झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला हा पर्याय घेता येतो. त्यात १२ श्रेयांकांचा संशोधनप्रकल्प असतो. या तरतुदीने संशोधन पदवीच्या चौकटीत आले. विद्यावेतन मात्र तिच्यात अंतर्भूत नाही. भारतातील बहुसंख्य पदवी विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांत शिकतात आणि त्यांपैकी अनेक ठिकाणी संशोधनाच्या प्रयोगशाळा नाहीत. त्यामुळे जादा वर्षाचा खर्च कोणी उचलायचा आणि मार्गदर्शक कोठून आणायचे, हे अमेरिकेत आरईयूच्या नियमांतून हाताळले गेलेले दोन प्रश्न येथे प्रत्येक महाविद्यालयापुढे व कुटुंबापुढे उभे राहतात.